रेकॉर्डवरची नवरी

लोधिवली
१० मार्च १९७४

कान्हा,

वर काय लिहायचं ते सुचलं नाय, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. शाळेत गुरुजींनी 'आहे' नि 'नाही' घोटून घेतलं होतं, पण तुला लिहिताना ते हाताला येत नाय. आपण बोलतो तसंच लिहिते. हसायचं तर हस.

गजा काल रेकॉर्ड घेऊन आला. पिवळंधमक कव्हर. त्यावर तुमच्या टनेल्स बँडचे तुमी तिघं खोपोलीच्या त्या जाड्या पाइपांवर बसलेत, केस मानेपर्यंत, नि तू तोंड असं केलंयस की जेवताना कुणी पुढचं ताट उचलून नेलंय. इंग्रजीत जे नाव हाय त्याचा अर्थ हळद, असं गजानं सांगितलं. येसूआत्यानं कव्हरवरून बोट फिरवून बघितलं, रंग लागतो का. मागं बारीक अक्षरांत तुझं नाव हाय, गजाचं हाय, कर्जतच्या अण्णाचं हाय, रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेआड बसलेल्या त्या माणसाचं पण हाय. आत गायलेल्या आत्याचं नि माझं नाय. 'गावच्या बायका' एवढंच छापलंय म्हणे. असू दे.

गजाच्या मामाचं लाऊडस्पीकरचं मशीन ओटीवर लावलं. तुमची सहा इंग्रजी गाणी आत्यानं पानाला चुना लावत ऐकली. म्हणाली, "पोरं कुणावर चिडल्यात गं एवढी?" मग गजानं बाजू उलटली नि तिचाच आवाज आला. ती उठून उभीच राहिली. तिच्यामागून माझा आवाज आला. मी आत चुलीकडं गेले, दूध बघायला. दूध चुलीवर नव्हतं.

तू सगळं विसरशील असं मला वाटतंय, म्हणून आठवण देते. स्पर्धेत तुमचा नंबर आला, कंपनीवाला रेकॉर्ड काढतो म्हणाला, नि वर म्हणाला की एखादं तुमच्याकडचं पण टाका. तेव्हा तू आत्याच्या पायाशी येऊन बसलास. तिचा धवला पायजे म्हणालास. आधी ती तुझ्यावर खेकसली. धवला लग्नात गायचा असतो, धवलारीण गायल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाय नि उतरत नाय, तो काय तमाशा हाय का? मग तुझी गिटार ऐकून विरघळली. "तुझी तार माझ्यामागं धावू दे, मी थांबणार नाय," म्हणाली. खोपोलीच्या कोळशाच्या शेडमध्ये महिनाभर तालीम चालली. आत्या पुढं, मी तिच्यामागून ओळ धरायला. त्या महिन्याचं मी काय लिहीत नाय.

मुंबईच्या त्या खोलीत भिंतींना गोधड्या लावल्यासारखं काहीतरी, नि गारठा असा की आत्यानं पदर कानावरून घेतला. मांडव नाय तर गाऊ कुठं, म्हणाली. गजा खाली जाऊन कुठून तरी आंब्याचा डहाळा घेऊन आला नि माइकच्या दांड्यांना पानं बांधली. लाल दिवा लागला तरी आत्या गप्प. काचेआडचा माणूस वैतागला. आत्या म्हणाली, "नवरा-नवरीचं नाव?" नावाशिवाय तिचं तोंडच उघडत नाय, त्याला ती काय करणार? तो म्हणाला कोणतंही घ्या. आत्या म्हणाली, "कोणतंही कसं असंल बाबा? नाव कुणाचं तरी असतं."

नि तू गिटारीवरची मान वर न करता म्हणालास, "आमचंच घ्या की आत्या. कान्हा नि शकू."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. लाल दिवा परत लागला.

कान्हा नवरा मांडवी आला,
शकू नवरीच्या हळद अंगाला.

हळद लावून झाली, आता उतरवायचा धवला घ्यायचा, तर काचेआडून हात हलला. बाजू भरली म्हणे. आत्या म्हणाली, अरे हळद अंगावर ठेवून कुणी पाटावरून उठतं का? तू म्हणालास, "गाणं हाय आत्या, खरं लग्न थोडंच हाय." परतीच्या गाडीत चौक गाव येईस्तोवर ती तुझ्याकडं पाठ करून बसली.

गजा सांगतो, तू मुंबईच्या हाटेलात वाजवायला लागलास, नि पेपरात काय तरी वाईट छापून आलं म्हणून इकडं तोंड दाखवत नायस. इथं पेपर वाचतो कोण? ये.

शकू


लोधिवली
२ मे १९७४

कान्हा,

गुळणी धरून बसलायस का? उत्तर नाय, निरोप नाय.

अण्णा आला होता. त्यानं तो पेपरातला तुकडा मराठी करून वाचला. पोरांचं इंग्रजी उसनं, गिटार पण उसनी, नि एका म्हातारीनं नि तिच्यामागच्या मुलीनं ही रेकॉर्ड वाचवली. तर हे तुझ्या जिवाला लागलंय होय! अरे मूर्खा, आमी वाचवली तर तुझं काय गेलं? तुझी तार आत्याच्या मागं धावते नि एका जागी तिला गाठते, ती जागा मी किती वेळा ऐकली असेल. तिथं तू कुणाकडनं काय उसनं घेतलेलं नाय. त्या पेपरवाल्याला ते कळलं नाय. मला कळलं, पण माझं कोण छापतंय?

अण्णा बँकेत लागला. केस कापलेत, ओळखू येत नाय. कंपनीनं न खपलेली खोकी गजाच्या गळ्यात मारली. टनेल्स संपले, असं गजा म्हणाला नि माझ्याकडं न बघता पायानं माती उकरत राहिला.

आता गंमत ऐक. मुंबईनं ज्याला नाक मुरडलं ते इथं प्रत्येक मांडवात वाजतंय. गजानं मामाचा धंदा घेतलाय. पंगत बसली की आधी तुमची हळद. पोरं तुझ्या गिटारीवर नाचतात, म्हाताऱ्या आत्याच्या आवाजावर माना हलवतात. नि मग आपली नावं येतात. वावोशीच्या लग्नात नवरीची आई पानावरून उठली, "माझ्या पोरीच्या मांडवात ही कोण शकू?" गजाची बोबडी वळली. तेव्हापासून नावं आली की तो आवाज बारीक करतो. त्यानं उलटंच झालंय. आवाज बारीक झाला की माणसं जेवायची थांबतात नि कान देतात.

विहिरीवर कमळ्याची बायको मला 'रेकॉर्डवाली नवरी' म्हणते. मी तोंड वाकडं करते. आत्या म्हणते, वाकडं करताना हसू दाबतेस ते लोकांना दिसतं गं.

नागपंचमीला तरी ये.

शकू


लोधिवली
१९ जानेवारी १९७५

कान्हा,

बाबांनी लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिते. एरवी लिहिलं नसतं.

नेरळकडचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगो, रेल्वेत हाय. साधा वाटला, बोलताना खाली बघत होता. सगळं जुळत आलं होतं. मी चहा घेऊन गेले नि त्याच्या आईला विचारलं, "साखर पुरेशी हाय ना?" तिनं कप खाली ठेवला. "आवाज कुठं तरी ऐकलाय गं तुझा." मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे ती शकू तूच?"

बाबा हसून म्हणाले, अहो ते गाणं हाय. ती हसली नाय. म्हणाली, "गाणं कसं? आमच्या दोन नणंदांची लग्नं या येसूबाईनंच लावली. तिच्या तोंडातून गेलं ते गेलं. हळद लागलीय नि उतरली नाय, हे सगळ्या मुलखानं ऐकलंय. धवला झालेली पोर आमाला नको."

चांगोनं एकदा माझ्याकडं बघितलं. वाईट वाटलं असावं त्याला. मग आईच्या मागं चपला घालून निघाला.

आत्या आत चुलीपुढं बसली होती. ते गेल्यावर मला म्हणाली, "ती खोटं नाय बोलली गं. मीच तोंड आवरायला पायजे होतं." म्हातारी रडली, कान्हा. मी तिला कधी रडताना बघितली नव्हती. लोकांच्या पोरी पाठवताना पण ती रडत नाय, गळा बसतो म्हणते.

आता नीट वाच. यानंतर जे स्थळ येईल ते हेच बोलून परत जाईल. म्हणून तुला दोनातलं एक करायचंय. येऊन बाबांना सांग, शकूला मी नेतो. नायतर येऊन चार माणसांत सांग, माझा काय संबंध नाय. मग आत्या राहिलेला धवला गाऊन हळद उतरवील नि मी मोकळी होईन. पण त्याला पण तू समोर पायजेस. हळद दोघांची एकदम उतरते. नवरा समोर नसताना एकट्या बाईची उतरवायची वेळ कधी येते, ते तुला ठाऊक हाय. तू जिता असताना तसलं वाईट आत्या गाणार नाय. नि मी तिला गाऊ पण देणार नाय.

हो म्हणायला ये, नायतर नाय म्हणायला ये. पण ये.

शकू


लोधिवली
२७ मार्च १९७५

कान्हा,

तुझं पत्र मिळालं. पाकीट जाड वाटलं म्हणून मी ते घेऊन शेतात गेले, कुणी बघायला नको म्हणून. आत हाटेलचा जाड कागद घडी घालून नि त्यावर तीन ओळी. 'शकू, ते गाणं होतं. आताच्या काळात असलं कोण मानतं? बाबांना समजाव, मला रजा मिळत नाही.'

बाबांना समजाव! वा रे शहाण्या. नि चांगोच्या आईला कोण समजावणार, तू का तुझा हाटेलवाला? तू मानत नायस, बरं. मग येऊन तसं म्हण की! चार तासांच्या वाटेवर हायस, काय सातासमुद्रापार नायस. मला समजलंय तुझं दुखणं. रेकॉर्ड पडली, आता तुमच्या खालापूरच्या स्टँडवर उतरलास तर कुणी तरी विचारेल, काय रं कान्हा, काय झालं तुमच्या बँडचं? त्या एका प्रश्नाला तू भितोस. नि त्यापायी मी आयुष्यभराच्या प्रश्नाला उत्तर देत बसायचं?

तुझं पत्र वाचून गजा तावातावानं उठला. "सगळी खोकी आणतो, शकू, तुझ्यासमोर फोडतो," म्हणाला. त्याचा धंदा त्या रेकॉर्डवर चाललाय, तरी. मी पण म्हटलं होतं फोड. मग आत्या पाणी मागायला लागली नि तिचा आवाजच निघेना. गेला महिनाभर असंच चाललंय. खालापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आता गाणं विसरा. तिचा आवाज जो काय उरलाय तो त्या खोक्यांत हाय. नि त्यातच माझं नाव अडकलंय. मी गजाला म्हटलं, ठेव. आत्याचा आवाज फोडून मला कुठलं सुख मिळणार हाय?

चांगोचं लग्न झालं परवा. तिथं पण वाजली म्हणे. नावं आली तेव्हा गजानं आवाज पार बंद केला.

यापुढं मी लिहिणार नाय.

शकुंतला सखा म्हात्रे


लोधिवली
१२ नोव्हेंबर १९७८

कान्हा,

लिहिणार नाय म्हटलं होतं, पण हे कळवायलाच पायजे. येसूआत्या गेली. तू कुठल्या बोटीवर वाजवतोस म्हणे, गजाकडं पत्ता नाय, म्हणून हे पत्र खालापूरला तुझ्या आईकडं देतेय. सोनुबाई पाठवील.

शेवटची दोन वर्षं तिनं मला धवले शिकवले. आवाज नव्हता, नुसती ओठांनी सांगायची, नि मी मोठ्यानं म्हणायचे. चुकलं की मांडीवर फटका. तिची रीत होती की कुमारिकेनं धवला पुढून गायचा नाय, मागून धरावा फक्त. मी विचारलं, मग मला कशाला शिकवतेस? ओठांनीच म्हणाली, "तुझा धवला झालाय गं. तुला चालतं."

तर त्या रेकॉर्डचा मला झाला तो उपयोग एवढा. आता या पट्ट्यात धवलारीण म्हणजे मीच. माणसं बैलगाडी पाठवतात, पाटावर बसवतात, पाया पडतात. मांडवात मी उभी राहिले की गजा आपणहून मशीन बंद करतो. ज्या बायका मला घरात घ्यायला तयार नव्हत्या, त्यांच्या पोरींना मी हळद लावते नि उतरवते. नेरळच्या त्या बाईच्या पुतणीचं लग्न पण मीच लावलं. तिनं माझी ओटी भरली, नि आपणच डोळे पुसत बसली. मला राग आला नाय. का कुणास ठाऊक, यायला पायजे होता.

आत्यानं तुझं नाव कधी वाईट घेतलं नाय. शेवटी शेवटी म्हणायची, पोरगा तार बरी धरायचा.

शकू


लोधिवली
८ फेब्रुवारी १९८१

कान्हा,

सात वर्षांत तुझं पहिलं मोठं पत्र. अक्षर अजून तसंच, पळत सुटल्यासारखं. मी बसून वाचलं. मग गाईला पाणी दाखवून आले नि परत वाचलं.

बोट सोडलीस, बरं केलंस. हळद पुन्हा ऐकलीस, नि आपण केलेलं एवढंच एक खरं होतं असं वाटलं, हे वाचून आनंद झाला. हे तुला चौऱ्याहत्तर साली मी सांगितलं होतं, पण तेव्हा तुला पेपरवाला मोठा होता. गजाला वाचून दाखवलं. तो सदऱ्याच्या टोकानं मशीन पुसत बसला.

लग्न करतोयस, मुलगी मुंबईची हाय, लग्न खालापूरला घरीच करायचंय. आणि सोनुबाई हटून बसलीय की धवलारणीशिवाय हळद लावू देणार नाय. या पट्ट्यात धवलारीण एकच उरलीय. तुला हे लिहायला किती जड गेलं असेल ते मला चार पानं वाचून कळलं. तिसऱ्या पानापर्यंत तू बोटीवरचं जेवणच सांगतोयस.

तू लिहिलंयस, 'त्या दिवशी मी दुसरं कुठलं तरी नाव सांगायला हवं होतं, शकू. सगळी चूक माझीच.'

नाय रं. नाव दुसरं सांगायला नको होतं. तेच पायजे होतं. तू हसण्यावारी बोललास हे मला तेव्हाच समजलं होतं. तरी मी आत्याच्या मागून ते नाव धरलं, नि मनापासून धरलं. ते रेकॉर्डवर ऐकू येतं, कुणाला कान असला तर. चूक असलीच तर पुढची. तुला यायला पायजे होतं. हो म्हणायला नायतर नाय म्हणायला, पण यायला पायजे होतं. मी बरीच वर्षं चौकच्या गाडीकडं बघितलं. आता बघत नाय. आता त्या गाडीनं मी कामाला जाते.

मी येईन. लोक काय म्हणतील याची तू काळजी करू नको, मी पाटाशी उभी राहिले की लोक गप्प बसतात. मांडव आंब्याच्या पानांचाच कर, कागदाच्या पताका नकोत. गजाला बोलवायचं, पण मशीन बंद. नि मी शेवटपर्यंत गाईन, उतरवायचा धवला पण. या वेळी बाजू भरली म्हणून कुणी हात हलवणार नाय. आंघोळ घालताना धवलारणीला तुमच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं. तू समोर असशीलच. चार थेंब माझ्या अंगावर उडतील, त्याला कुणी हरकत घेणार नाय.

आता एकच राहिलं. चार पानं लिहिलीस, पण त्यात तिचं नाव कुठंच नाय. मी सगळं परत बघितलं. लिहायचं विसरलास, का लिहवलं नाय, ते मी विचारत नाय. सोनुबाईला विचारलं तर ती लगेच सांगेल, पण मला तिच्याकडून नको. त्या दिवशी नावं तूच दिली होतीस, या वेळी पण तूच दे.

नवरीचं नाव कळव. नीट लिही. एकदा माझ्या तोंडातून गेलं की मला ते परत घेता येत नाय.

शकू